एक गुंठा म्हणजे एक पिक्सेल

पत्र असं आहे:

"अक्का, मी खानापूर तालुक्यातली. बेळगावच्या कॉलेजात बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, भूगोल घेतलाय. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले. आमच्या सरांनी एकदा लॅपटॉपवर उपग्रहाचा फोटो उघडून मलप्रभा दाखवली, तेव्हापासून जीआयएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे आणि माहिती जोडायच्या शास्त्रात, एमएस्सी करायचं डोक्यात बसलंय. पण आप्पा म्हणतात बीएड कर, जवळपास शाळेत लागशील, नकाशे काढून पोट भरतंय काय. मामाचा मुलगा बेंगळूरला आयटीत आहे, तो म्हणाला गुगल मॅप आहे, आता एआय पण आलंय, तुला कोण विचारणार. माझं गणित बेताचं, इंग्लिश वाचता येतंय पण बोलायला अडखळते, कोडिंग कधी केलेलं नाही. दादाचा जुना लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅमचा. कोल्हापूर, पुणे, धारवाड की बेंगळूर, कुठं जाऊ? की खरंच बीएड करू?"

आधी मला सांग, आप्पांची जमीन किती? पत्रात लिहिलं नाहीस म्हणून मी धरून चालते दोन एकर दहा गुंठे, म्हणजे नव्वद गुंठे. आता हा गुंठा कुठून आला ते बघ. आपल्याकडं मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे, आणि साखळीभर लांब साखळीभर रुंद असा चौकोन म्हणजे एक गुंठा, असे चाळीस झाले की एकर. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं त्यामुळं हेच माप आपल्याकडं आणि हेच माप कोल्हापूर साताऱ्याकडं, हद्द पडली पण गुंठा तोच राहिला. तर ३३ फूट म्हणजे मीटरमध्ये १०.०६. आणि युरोपचा सेंटिनेल-२ नावाचा उपग्रह आहे, ज्याचे फोटो जगात कुणालाही फुकट मिळतात, त्याच्या चांगल्या बँडचा (बँड म्हणजे प्रकाशाचा एक पट्टा) एक पिक्सेल, म्हणजे फोटोतला एक ठिपका, असतो १० मीटर बाय १० मीटर. म्हणजे १०० चौरस मीटर, आणि आपला गुंठा १०१ चौरस मीटर. एक पिक्सेल म्हणजे जवळजवळ एक गुंठा!

मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी लॅबमधनं उठून बाहेर जाऊन उभी राहिले होते, इतकं बरं वाटलं होतं, कारण तोपर्यंत पिक्सेल म्हणजे काहीतरी परकं वाटायचं आणि त्या दिवशी ते एकदम आमच्या घरातल्या बोलण्यातलं झालं.

आता यातनं पुढं काय काय निघतंय बघ. आप्पांचं नव्वद गुंठे शेत म्हणजे उपग्रहाला दिसणारे नव्वदच ठिपके. अमेरिकेच्या लँडसॅटचा पिक्सेल ३० मीटरचा, म्हणजे नऊ गुंठ्यांना एक ठिपका, अख्ख्या शेताचे दहाच. आपल्या इस्रोच्या लिस-४ कॅमेऱ्याचा ५.८ मीटरचा, म्हणजे साधारण पाच आण्याला एक (गुंठ्याचे पण सोळा आणे धरायचे). आणि तुमच्याकडं खानापूरच्या बाजूला भाताची शेतं कशी, अरुंद, पायऱ्यापायऱ्यांची, एखादं तर पंधरा-वीस फूट रुंद आणि लांबच्या लांब. तिथं दहा मीटरचा ठिपका पडला तर त्यात निम्मं तुमचं भात, मध्ये बांध, पलीकडं शेजाऱ्याचं गवत, सगळं मिसळून एकच रंग येणार. याला मिक्स्ड पिक्सेल म्हणतात. मग कुणी येऊन सांगितलं की उपग्रहाच्या फोटोवरनं बांध कुणीकडं सरकलाय ते दाखवतो, तर तुला लगेच कळायला पाहिजे की या फोटोवरनं ते सांगता येणारच नाही, त्याला मोजणीवाल्यांचं मशीनच लागणार. पण त्याच फोटोवरनं अख्ख्या तालुक्यात ऊस किती वाढला आणि भात किती कमी झालं हे मात्र चांगलं सांगता येतं. कुठला नकाशा काय सांगू शकतो आणि काय सांगू शकत नाही हे कळणं, माझ्या मते जीआयएसचं शिक्षण म्हणजे हे. सॉफ्टवेअरची बटणं पंधरा दिवसात येतात, हे यायला दोन वर्षं लागतात आणि त्यासाठीच युनिव्हर्सिटीत जायचं असतं.

मामाच्या मुलाचं म्हणणं निम्मं खरं आहे, ते तुझ्यापासून लपवत नाही. पूर्वी शेकडो पोरं दिवसभर स्क्रीनवर बसून घरांच्या कडा, रस्ते, तळी माऊसनं काढत बसायची, त्याला डिजिटायझिंग म्हणतात, आणि कोर्स झाल्या झाल्या पहिली नोकरी बहुतेकांना तीच मिळायची. हे काम आता मशीन बरंच करायला लागलंय, गुगल आणि मायक्रोसॉफ्ट दोघांनीही उपग्रहाच्या फोटोवरनं काढलेली करोडो इमारतींची रूपरेषा फुकट देऊन टाकलीय. म्हणून फक्त क्लिक करायला शिकवणारा कोर्स असेल तर तिकडं जाऊच नको. पण मी अशा मशीननं काढलेल्या डेटावर आपल्याच भागात काम केलंय, गवताच्या गंज्या घरं म्हणून मोजलेल्या, निळी ताडपत्री टाकलेले गुऱ्हाळाचे मांडव घरं म्हणून मोजलेले, आणि झाडाखाली असलेलं खरं कौलारू घर गायब. हे कोण पकडणार? ज्यानं गंजी बघितलीय तोच पकडणार. बेंगळूरला काचेच्या बिल्डिंगमध्ये बसलेल्या हुशार पोराला ती गंजी आहे हे कळायला कुणीतरी सांगावं लागतं, तुला नाही सांगावं लागत.

आणि गुगल मॅप म्हणजे जीआयएस नव्हे. रस्ता दाखवणं हे एक काम झालं. तळं कुठं बांधलं तर किती शेतात पाणी जाईल, नवी प्राथमिक शाळा कुठं काढली तर जास्त पोरांना चालत जाता येईल, बळ्ळारी नाल्याला पाणी चढलं की शहापूर वडगावच्या भातात किती दिवस उभं राहतंय आणि कुठनं वाट दिली तर उतरेल, असल्या प्रश्नांना गुगल मॅपवर उत्तर नसतंय, ते कुणीतरी थर चढवून, म्हणजे उतार, माती, नाले, जमिनीचा वापर असे एकावर एक लेयर ठेवून काढावं लागतं. १९६० च्या दशकात कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी पहिली अशी सिस्टीम उभी केली ती पण याच गरजेतनं, एवढ्या मोठ्या देशातली कुठली जमीन कशाला चांगली हे कागदी नकाशे एकमेकांवर ठेवून हातानं काढायला माणसं आणि वर्षं दोन्ही पुरणार नव्हती.

गणिताची भीती. बघ, तुला जे गणित लागणार आहे ते बारावी सायन्सवाल्यांना घाबरवतं तसलं नाही बहुतेक, पण मापाची शिस्त मात्र फार लागते. माझ्या पहिल्या नोकरीतली गोष्ट सांगते. एका प्रोजेक्टमध्ये तळ्यांचं क्षेत्रफळ काढून द्यायचं होतं. मी वेबवरच्या नकाशावर तळी काढली आणि सॉफ्टवेअरला सरळ क्षेत्रफळ विचारलं, आलेले आकडे एक्सेलमध्ये भरून दिले. ते वेब नकाशे ज्या प्रोजेक्शनवर (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायची पद्धत) चालतात, वेब मर्केटर, त्यात विषुववृत्तापासून जसजसं लांब जावं तसतशी जमीन ताणली जाते. आपण सोळा अंशाच्या जवळ, तिथं लांबी साधारण ४ टक्के आणि क्षेत्रफळ ८ टक्के जास्त दिसतं. म्हणजे आप्पांच्या नव्वद गुंठ्यांचे सत्त्याण्णव गुंठे! माझी सगळी तळी आठ टक्क्यांनी मोठी होऊन कागदावर गेली आणि त्याच्यावर पाण्याचा हिशोब कुणीतरी पुढं केला सुद्धा. पकडलं ते आमच्या टीममधल्या एका म्हाताऱ्या सर्व्हेअरनं, त्यांनी ते तळं पायानं फिरलेलं होतं, म्हणाले पोरी एवढं मोठं नाहीये ते. मला त्या रात्री झोप लागली नाही. ते दुरुस्त करायला दोन आठवडे गेले आणि तेव्हापासून कुठलाही लेयर उघडला की मी आधी त्याचं प्रोजेक्शन बघते, मग बाकीचं. तू पण आत्ताच लिहून ठेव, आपला सगळा भाग यूटीएमच्या, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रोजेक्शनच्या, ४३ उत्तर झोनमध्ये येतो, सॉफ्टवेअरमध्ये त्याचा कोड ३२६४३. जीपीएसचे अक्षांश रेखांश येतात ते ४३२६ मध्ये, अंशात. अंशात क्षेत्रफळ मोजायचं नसतं, मीटरमध्ये आणायचं आणि मग मोजायचं.

याला गणित म्हण नाहीतर भूगोल म्हण, तुझ्या बीएच्या प्रॅक्टिकलमध्ये हेच होतं, फक्त तेव्हा ते परीक्षेपुरतं होतं. टोपोशीट, म्हणजे उंचसखल दाखवणारा सरकारी नकाशा, वाचायला शिकलीस ना? सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नंबरांप्रमाणे आपलं बेळगाव ४८-आय मध्ये येतं आणि गंमत म्हणजे साडेचौऱ्याहत्तर अंशाची रेघ बरोबर शहरातनं जाते, त्यामुळं अर्धं शहर एका शीटवर आणि अर्धं शेजारच्या. कॉलेजात असेल ती शीट काढून घे आणि आपल्या गावाची कंटूर, म्हणजे सारख्या उंचीची रेघ, बोटानं फिरून बघ. ज्याला कंटूर वाचता येते त्याला पुढं डीईएम, म्हणजे ठिपक्याठिपक्याला उंची लिहिलेला नकाशा, समजायला एक दुपार पुरते.

कोडिंगचं पण तसंच. पायथॉन शिकावंच लागेल, हे टळत नाही, आणि डेटाबेससाठी एसक्यूएल, हे मी दोन्ही सक्तीचं धरते, पण इंजिनिअरिंगवाल्यांइतकं नाही. तुला एवढंच यायला पाहिजे की दोनशे गावांसाठी एकच काम दोनशे वेळा हातानं करायच्या ऐवजी वीस ओळी लिहून चहा पिऊन येता येईल. मी सुद्धा आर्ट्सचीच, मी तेवीसाव्या वर्षी पहिली ओळ लिहिली.

आता तुझ्या बाजूनं काय आहे ते तुला दिसतच नाहीये म्हणून सांगते. तू मराठी शाळेत शिकलीस, कन्नड बोलतेस आणि वाचतेस असं धरते (वाचता येत नसेल तर ह्या सुट्टीत शीक, खरंच शीक), इंग्लिश वाचतेस. आपल्या भागातल्या डेटामध्ये अर्धी डोकेदुखी नावांची असते. येळ्ळूर एका फाईलमध्ये यल्लूर, दुसरीत येल्लूर, कन्नडमध्ये यळ्ळूर. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याचं नाव बेलगाम, १ नोव्हेंबर २०१४ ला नाव बदललं मग पुढच्या सगळ्या फायलीत बेळगावी, दोन टेबलं नावावरनं जोडायला गेलं की अख्खा जिल्हाच गळून पडतोय आणि नकाशावर पांढरा खड्डा दिसतोय. नवीन माणूस तिथं दोन दिवस बसतो. उपाय काय, नावावरनं कधीच जोडायचं नाही, गावाच्या कोडवरनं जोडायचं, जनगणनेचा कोड आणि लोकल गव्हर्मेंट डिरेक्टरी या सरकारी यादीचा कोड असे असतात. पण कोडच चुकला असेल तर हे गाव तेच का ते ओळखायला माणूसच लागतो, आणि तो पहाणी, म्हणजे कर्नाटकातला जमिनीचा उतारा, कन्नडमध्ये वाचणारा, महाराष्ट्राचा सातबारा मराठीत वाचणारा, आणि दोन्हीकडचा डेटा एका टेबलात बसवणारा असेल तर त्याची किंमत फार असते. सीमाभागात वाढल्यामुळं जे आपल्याला ओझं वाटत आलं ते या कामात तुझ्या हातातलं अवजार होतंय.

कारण नदीचं काम हद्दीवर थांबवून होत नाही. २०१९ ला आणि परत २०२१ ला निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं, पुणे-बेंगळूर रस्ता बंद, आठवतंय ना. चिक्कोडीकडं कृष्णेचं पाणी किती चढणार ते कोयना, वारणा, पंचगंगेच्या खोऱ्यात पाऊस किती पडला त्यावर ठरतं, म्हणजे पाऊस एका राज्याच्या नकाशात आणि बुडणारं शेत दुसऱ्याच्या. दोन राज्यांचे गावांच्या हद्दीचे लेयर शेजारी शेजारी ठेवून बघशील तेव्हा कळेल, कुठं मध्ये फट राहते, कुठं एकमेकांवर चढतात. त्या फटीत पण कुणाचं तरी शेत असतं.

आणि पुराच्या दिवसात साधा उपग्रह आंधळाच होतो. कणकुंबीचा पाऊस तुला मी काय सांगणार, जुलै ऑगस्टमध्ये आपल्याकडचा एक स्वच्छ फोटो मिळत नाही, सगळा पांढरा ढग. तिथं रडार लागतं. सेंटिनेल-१ हा रडारचा उपग्रह, तो स्वतः लहरी सोडतो आणि परत आलेल्या पकडतो, ढगातनं आरपार बघतो, रात्री पण बघतो, आणि थांबलेलं पाणी त्यात काळंभोर दिसतं कारण सपाट पाण्यावरनं लहर पलीकडं निघून जाते, परत येत नाही. पुराच्या आधीचा आणि पुरातला असे दोन फोटो ठेवले की नवीन काळं झालं ते पुराचं पाणी, इतकं सरळ. हा पण फुकट मिळतो. तुझ्या एमएस्सीच्या प्रोजेक्टला यापेक्षा चांगला विषय मी तरी सुचवू शकत नाही.

बरं आता कुठं जायचं. पुण्याला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागात एमएस्सी जिओइन्फर्मेटिक्स (जीआयएस आणि उपग्रहाचे फोटो, दोन्हीचा कोर्स) आहे, सिंबायोसिसचं पण याच विषयाचं वेगळं इन्स्टिट्यूट आहे पण ते खासगी, फी झेपणार का ते आधी बघा. कर्नाटकात मंगळूर विद्यापीठात एमएस्सी जिओइन्फर्मेटिक्स आहे. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आणि धारवाडला कर्नाटक विद्यापीठ, दोन्हीकडं भूगोलाचे जुने विभाग आहेत. नावापेक्षा मी तुला काय विचारायचं ते सांगते, कारण नाव मोठं आणि लॅबला कुलूप अशी पण ठिकाणं मी बघितलीत. विभागात स्वतः जा, एसटीनं जा, फोनवर विचारू नको. दुसऱ्या वर्षाच्या पोरींना कँटीनमध्ये गाठ आणि विचार की आठवड्यात लॅब किती तास खरंच उघडी असते, फील्डला नेतात का, डीजीपीएस नाहीतर टोटल स्टेशन, ही मोजणीची मशीनं, हातात देतात की कपाटात दाखवतात, शेवटच्या सेमिस्टरला इंटर्नशिप असते का आणि गेल्या वर्षीच्या मुली आता कुठं आहेत. सिलॅबस हातात आला की त्यात सॉफ्टवेअरची नावंच नावं असतील तर मला शंका येते. प्रोजेक्शन आणि डेटम (मोजणीचा पाया), स्पेशिअल म्हणजे जागेशी जोडलेला डेटाबेस, स्टॅटिस्टिक्स, प्रोग्रॅमिंग, रिमोट सेन्सिंगचं (लांबनं, उपग्रहावरनं बघायचं) फिजिक्स, फोटोग्रामेट्री (फोटोवरनं मोजमाप) हे दिसलं तर बस.

एक गोष्ट नीट ऐक. तुझं बीए आहे. काही ठिकाणी एमएस्सी जिओइन्फर्मेटिक्सला बीएस्सीची अट असते, काही ठिकाणी भूगोल घेऊन बीए चालतं. प्रवेशाचं पत्रक शब्दन् शब्द वाच, अट बसत नसेल तर एमए किंवा एमएस्सी भूगोल घे ज्यात जीआयएसचे पेपर भरपूर आहेत. आणि पुढं मागं कॉलेजात शिकवायची इच्छा असेल तर मी तर म्हणेन पदवीवर भूगोल हे नाव असलेलं जास्त बरं, नेट आणि कर्नाटकची केसेट, या प्राध्यापकाच्या पात्रता परीक्षांत दोन्हीकडं भूगोल हा विषय सरळ आहे, जिओइन्फर्मेटिक्सवाल्यांना नेमणुकीच्या वेळी विषय तोच आहे हे पटवत बसावं लागतं. जास्त टेक्निकल व्हायचं असेल तर २०२२ पासून गेट या एमटेकच्या प्रवेश परीक्षेत जिओमॅटिक्स इंजिनिअरिंगचा वेगळा पेपर आलाय, त्यातनं एमटेकची वाट आहे, आयआयटी मुंबईत रिसोर्सेस इंजिनिअरिंगचं मोठं सेंटर आहे, पण ते दोन वर्षांनी, आत्ता डोक्यात घेऊ नको.

महाराष्ट्रात जायचं ठरलं तर सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मराठी मुलांसाठी प्रवेशाच्या सवलती असतात, तुझं गाव त्या यादीत आहे का बघ आणि ह्याच कोर्सला ती लागू आहे का हे प्रवेश विभागातनं लेखी घे, तोंडी नको. तोंडी हो म्हणून नंतर हात वर केलेले मी बघितलंय. धारवाडला गेलीस तर तू आपल्याच राज्यातली, कागद कमी, आणि घर दोन तासावर. घरची ओढाताण असेल तर हे लहान कारण नाही.

लॅपटॉप नवा घेऊ नको आत्ता. दादाच्या लॅपटॉपला जागा असेल तर रॅम ८ जीबी करून घे आणि हार्डडिस्क काढून एसएसडी टाक, बेळगावात रिपेअरवाले करून देतात. क्यूजीआयएस फुकट आहे, २००२ पासून जगभरच्या लोकांनी मिळून वाढवलेलं सॉफ्टवेअर, आर्कजीआयएसच्या महाग लायसनची वाट बघायची गरज नाही. चोरीचं क्रॅक केलेलं तर अजिबात टाकू नको, व्हायरस पण येतो आणि सवय पण वाईट लागते. मोठं काम गुगल अर्थ इंजिनवर कर, ते ब्राऊजरमध्येच चालतं, ताकद त्यांच्या सर्व्हरची लागते, शिकण्यासाठी पैसे लागत नाहीत, फक्त रेंज पाहिजे, आणि तुमच्याकडं रेंजचं मला माहितीय, त्यामुळं ते बेळगावात कॉलेजला येशील तेव्हा कर. डेहराडूनचं आयआयआरएस, इस्रोचंच, ते ऑनलाईन कोर्सेस फुकट घेतं आणि सर्टिफिकेट देतं. त्यातला एक या चार महिन्यात पूर्ण कर. प्रवेशाच्या मुलाखतीत ते सर्टिफिकेट तुझ्या अडखळणाऱ्या इंग्लिशपेक्षा मोठ्यानं बोलेल.

नोकरीचं खरं सांगते. सुरुवातीचा पगार कमी असतो, पुणे, हैदराबाद, बेंगळूरला राहून हातात फार उरत नाही. उपग्रहाच्या फोटोंवर काम करणाऱ्या सरकारी संस्था, हैदराबादचं इस्रोचं एनआरएससी असो की बेंगळूरचं राज्य सरकारचं केएसआरएसएसी, तिथं प्रोजेक्टपुरत्या नेमणुका बऱ्याच असतात, प्रोजेक्ट संपला की परत शोधायचं. पहिली तीन वर्षं कष्टाची. त्यानंतर ज्यांना डेटाबेस आणि पायथॉन आलं त्यांचं बरं चालतं आणि जे क्लिक करत राहिले ते तिथंच राहतात, हे मी माझ्याच बॅचमध्ये बघितलंय. काम मात्र वाढलंय. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रानं नकाशे आणि मोजणीच्या डेटावरच्या परवानग्यांचे जुने नियम सैल केले, २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोननं मोजणी चाललीय, वीज, पाणी, गॅसच्या लाईन सगळ्यांना नकाशावर पाहिजेत. आणि कर्नाटक सरकारच्या नोकरीला जायचं तर कन्नडची परीक्षा द्यावी लागते, म्हणून वर म्हटलं वाचायला लिहायला शीक.

आता आप्पा. त्यांच्याशी भांडू नको गं. ज्या माणसानं पावसावर संसार केला तो पोरीसाठी महिन्याच्या महिन्याला येणारा पगार मागणारच, त्यात त्यांचं काय चुकलं. बीएड वाईट नाही, शिकवायची मनापासून आवड असेल तर त्यासारखं काम नाही, पण तुझ्या अख्ख्या पत्रात शिकवण्याबद्दल एक ओळ नाही आणि मलप्रभेच्या त्या फोटोबद्दल आहे. मला त्यावरनंच कळलं. आप्पांना सांग की बीएड दोन वर्षांनी पण करता येईल, भूगोलाची एमए एमएस्सी झालेली बाई शाळेला जास्तच चालते, म्हणजे त्यांचा रस्ता बंद होत नाही.

पण बोलून पटवण्यापेक्षा एक काम कर, या रविवारीच कर. उतारा काढून ठेव, त्यावर एकर गुंठे लिहिलेले असतात. मोबाईलवर क्यूफील्ड टाक, शेतात पॉईंट घ्यायचं ॲप, फुकट आहे, आणि आप्पांना घेऊन सकाळी शेतात जा. पुढं त्यांना चालू दे, हद्दीचा दगड कुठं, बांध कुठनं वळतो ते त्यांनाच माहिती, तू मागनं प्रत्येक कोपऱ्यावर मिनिटभर थांबून पॉईंट घेत जा. झाडाखाली जीपीएस भरकटतं, तिथं पॉईंट घेतलास तर वहीत तसं लिही. घरी येऊन क्यूजीआयएसमध्ये पॉईंट जोडून पॉलिगॉन, म्हणजे बंद आकार, कर, ३२६४३ मध्ये आण, चौरस मीटर काढ आणि १०१.१७ नं भाग. गुंठे येतील. नव्वद गुंठे असतील तर ९,१०५ च्या आसपास चौरस मीटर यायला पाहिजेत. तंतोतंत येणार नाहीत, मोबाईलचं जीपीएस उघड्या शेतात सुद्धा तीन-पाच मीटर इकडं तिकडं जातं. मग कर्नाटक सरकारच्या दिशांक ॲपमध्ये उभी राहिलीस त्या जागेचा सर्व्हे नंबर बघ आणि तो उताऱ्याशी जुळतोय का ते पण बघ.

आकडा कमी जास्त आला की आप्पा विचारतील का आला असा. तेव्हा त्यांना ३३ फुटांच्या साखळीपासून सांगायला सुरू कर. त्यांनी लहानपणी मोजणीवाल्यांना शेतात साखळी ओढताना बघितलं असणार, कदाचित तेच तुला दोन गोष्टी सांगतील ज्या मला पण माहिती नाहीत. शेजाऱ्याच्या बांधाचा विषय मात्र त्या दिवशी काढू नका, मोबाईलच्या पॉईंटवर भांडण लावायचं नसतं, वर का ते सांगितलंच.

मग मला परत लिही. उताऱ्यावरचे गुंठे किती, तुझे किती आले, कुठल्या कोपऱ्यावर झाड होतं, आणि आप्पा काय म्हणाले. फरक पाच गुंठ्यांच्या वर असेल तर पॉईंटची फाईल पण पाठव, कुठं चुकलं ते आपण दोघी मिळून बघू.

तुझी,
अक्का